झाडीपट्टीत आपल्याच भागाच्या इतिहासावर नाटकं लावायची असतील तर

झाडीपट्टी म्हणजे आपला चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा धानाचा भाग. तिथल्या नागभीडकडच्या एका मंडळाच्या पोरांनी विचारलंय की दरवर्षी मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, तेच सासू-सून, दारुडा बाप, फसवलेली बहीण असलं नाटक होतं, तर यंदा आजूबाजूच्या चार-पाच गावांनी मिळून दिवाळी ते होळी आपल्याच भागाच्या इतिहासावरची तीन नाटकं लावायची ठरवलीत, पण वडशाचे नाटक कंपनीवाले म्हणतात ऐतिहासिक इथं चालत नाही, तिकीट निघणार नाही. हे जमेल का आणि जमवायचं कसं.

जमेल भाऊ. पण आधी कंपनीवाले असं का म्हणतात ते समजून घ्या, ते काही तुमचे दुश्मन नाहीत. ऐतिहासिक म्हटलं की त्यांच्या डोळ्यापुढे जिरेटोप, भरजरी अंगरखे, दरबाराचा पडदा आणि पानपानभर पल्लेदार संवाद येतात, आणि झाडीपट्टीचं गाडं त्या मालासाठी बनलेलंच नाही. आपल्याकडे नट आज एका गावात, उद्या चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात, कधी नाटकही वेगळं. संध्याकाळी गाडी येते, कोणाच्या तरी घरी जेवण होतं, रंगपट्टी करता करता संहिता चाळली जाते आणि रात्री दहा-साडेदहाला पडदा उघडला की पहाटेपर्यंत सगळी भिस्त प्रॉम्प्टरवर. तालीम म्हणाल तर नावाला. कौटुंबिक नाटक या पद्धतीत फिट बसतं कारण हिरो, व्हिलन, आई, कॉमेडी हे साचे नटाच्या अंगात मुरलेले असतात, प्रॉम्प्टरने अर्धं वाक्य टाकलं की उरलेलं तो आपल्या पदरचं बोलतो आणि बहुतेक वेळा लेखकापेक्षा बरं बोलतो. हेच त्याच्या हाती तुम्ही सनावळ्या आणि संस्कृत शब्दांचा संवाद दिला की तो तिसऱ्या ओळीला अडखळतो, मग ओरडतो, आणि ओरडायला लागला की गेलंच नाटक. म्हणजे अडचण इतिहासाची नाहीये, ज्या तऱ्हेने इतिहास लिहून आणतात त्याची आहे.

मी या भागात बरीच वर्षं नाटकं लिहून आणि बसवून राहिलो, त्यावरून माझं एकच सांगणं आहे, बाकी सगळं त्यातूनच निघतं. आपल्या प्रेक्षकाला घरातलं भांडण बघायचं असतं आणि ते तो सहा तास थंडीत तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, बसून बघतो. तर तुमचा इतिहास त्या घरात आणा. राजा कोण होता, लढाई कुठं झाली हे मागे असू द्या. पुढे एक चूल, एक वाटणी, एक लग्न, एक दगा पाहिजे. आणि आपल्या चारही जिल्ह्यांच्या इतिहासात हे सगळं ठासून भरलंय, मुद्दाम घुसडावं लागत नाही.

आता तीन नाटकं कोणती. सगळे पहिल्यांदा १८५८ ला फाशी गेलेले बाबुराव शेडमाके म्हणतात, नाहीतर बेचाळीसचं चिमूर. माझा सल्ला उलटा आहे, पहिलं नाटक तलावाचं करा. गोंदिया जिल्ह्यातलं नवेगाव बांध. कोलू पाटील कोहळीने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो तलाव बांधला असं सांगतात. तलावाभोवती सात टेकड्या, त्यांना सात बहिणी म्हणतात, त्या सातजणींनी बांध पुरा करायला मदत केली अशी श्रद्धा आहे, आणि कोलू पाटलाचा पुढे कोलासूर देव झाला, त्याचं ठाणं त्यातल्याच एका टेकडीवर. आता सांगा, याहून झाडीपट्टीचं कथानक कोणतं असू शकतं? गावचा पाटील आहे, तो म्हणतो इथं पाणी अडवायचं, भावकी म्हणते आमची जमीन बुडते, मजूर थकलेत, बांध एकदा फुटतो, घरातल्या बायका काय म्हणतात, बहिणी उभ्या राहतात. भांडण, गाणं, विनोद, देव, रडारड, सगळं आलं. अर्थात भावकीचं भांडण आणि फुटलेला बांध हे मी रचून सांगतोय, ते कुठं लिहिलेलं नाही, आणि नाटकात हे रचलेलं आहे असं सूत्रधाराकडून सुरुवातीलाच एका वाक्यात सांगून टाकायचं म्हणजे कोणी इतिहासाच्या नावाने भांडायला येत नाही. या नाटकाला महाल लागत नाही, घोडा लागत नाही, तलवार लागत नाही, कंपनीकडे जंगल-झोपडी-रस्ता असे पडदे असतातच. आणि मोठी गोष्ट म्हणजे समोर बसलेला माणूस मामा तलावाच्या, म्हणजे माजी मालगुजारी तलावाच्या, पाण्यावर धान पिकवणारा आहे, ते धान विकूनच त्याच्या खिशात तिकिटाचे पैसे आलेत. आपल्या गावचा तलाव कोणत्या मालगुजाराने बांधला, पाट कोणाच्या बांधीतून आधी जाते, यावर त्याची स्वतःची भांडणं चालू आहेत. त्याला इतिहास समजावून सांगायची गरजच पडत नाही. शहीदाच्या नाटकाला लोक आदराने येतात आणि आदराने आलेला प्रेक्षक दोन अंकांनंतर झोपतो, तलावाच्या नाटकाला तो बाजू घेऊन बसतो.

दुसरं बाबुरावांचं करा, पण जरा तयारीनं. गोष्ट थोडक्यात अशी की मोलमपल्लीच्या जमीनदाराचा हा पोरगा, जन्म १२ मार्च १८३३, वडील पुल्लेसूर बापू, आई जुर्जाकुंवर. १८५७ च्या धामधुमीत त्याने जंगोम दल ही आदिवासी तरुणांची फौज उभी केली, मार्च १८५८ मध्ये राजगड परगणा घेतला, आरपल्ली-घोटचा जमीनदार व्यंकटराव त्याला येऊन मिळाला. इंग्रजांचा इथला डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन. २९ एप्रिलला प्राणहितेकाठी चुंचगुंडीला तार खात्याच्या लोकांच्या तळावर हल्ला झाला, गार्टलंड आणि हॉल मारले गेले, तिसरा पीटर म्हणून होता तो निसटला आणि क्रिक्टनकडे पोचला. मग बाबुरावांवर हजार रुपयांचं इनाम लागलं, दबाव आला तो अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर, सप्टेंबरात त्यांच्या माणसांनी बाबुरावांना धरलं आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, जेलात फाशी झाली. पंचवीस वर्षांचं वय. व्यंकटराव बस्तरकडे निघून गेला. लक्ष्मीबाईंना बक्षीस म्हणून जप्त झालेल्या आरपल्ली आणि घोटच्या जमीनदाऱ्या मिळाल्या.

आता इथं बहुतेक लेखक काय करतात, तर लक्ष्मीबाईंना ललिता पवार करून टाकतात. डोळे वटारायचे, कपटी हसायचं, विंगेत जाताना पदर झटकायचा, टाळ्या शिट्ट्या. पहिल्या दोन प्रयोगांत पब्लिक खूश होते, मला माहित आहे. पण अहेरीचं घराणं आजही आहे, तिकडे लोकांच्या मनात त्याला मान आहे, उद्या तुमचं नाटक आलापल्लीला लागलं तर काय कराल? आणि ते सोडा, नाटक म्हणूनही ते पातळ होतं. त्या बाईला मांडा ना नीट. सगळीकडे गोऱ्यांची फौज, इकडे आपली रयत, जमीनदारी गेली तर उद्या खायचं काय, आणि धरून द्यायचा तो आपल्यातलाच एक पोरगा, ओळखीच्या घरचा. एका रात्रीत तिला ठरवायचंय. हा प्रवेश तुम्ही तिसऱ्या अंकाच्या शेवटी ठेवा, मध्यरात्र उलटून गेलेली असते, पोरं झोपलेली असतात, पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बायका जाग्या असतात. त्या काय बोलतात ते ऐकायला मी पडद्याच्या भोकाला कान लावून उभा राहिलोय. एक म्हणे धरून दिलंन् ते वाईटच, दुसरी म्हणे तुया घरावर आलं असतं तर तू काय केली असतीस वो, आणि पुढच्या प्रवेशातले चार संवाद त्यांच्या भांडणात बुडाले. कंपनीवाला माझ्याकडे बघून म्हणाला, चालते हे.

फाशीचा दोर तुटला, पुन्हा पुन्हा तुटला असं गावोगाव सांगतात. ते नाटकात घ्या, का नाही घ्यायचं, पण स्टेजवर दोर तुटून दाखवू नका. एकतर दोर वेळेवर तुटत नाही आणि भलत्या वेळी तुटतो, आणि दुसरं म्हणजे ती गोष्ट लोकांनी जपलेली आहे तर लोकांच्याच तोंडी द्या. बाजारातून परतणारे दोन-तीन लोक एकमेकांना सांगताहेत, एक म्हणतो तीनदा तुटला, दुसरा म्हणतो चारदा, तिसरा म्हणतो तुम्ही होते का तिथं. एवढ्यात काम होतं आणि इतिहासवाल्यांनाही तक्रारीला जागा राहत नाही.

याच नाटकाबद्दल अजून एक, आणि इथं माझा आवाज थोडा चढेल, माफ करा. गोंड दाखवायचे म्हटले की पानांचे घागरे, तोंडाला काळं-पांढरं, डोक्यात पिसं आणि तोंडानं काहीतरी हूहू करत गोल फिरणं, हा प्रकार कृपा करून बंद करा. ज्या गावात नाटक आहे तिथल्या अर्ध्या प्रेक्षकांची आडनावं मडावी, आत्राम, कोडापे, उसेंडी असतात. ते तिकीट काढून बसलेत आणि त्यांच्या आजोबाला तुम्ही सिनेमातला जंगली करून नाचवता. जमीनदाराचा पोरगा धोतर-बंडी-पागोटं घालील ना. नाच पाहिजे तर रेला घ्या, आणि तो कंपनीच्या डान्सग्रुपकडून न करवता त्या गावच्याच नाहीतर शेजारच्या गावच्या पोरापोरींकडून करवा, ढोल-मांदरी त्यांची, गाणं गोंडीत. चार ओळी गोंडी कोणाला समजल्या नाही तरी काही बिघडत नाही. आणि धंद्याचंच बोलायचं तर वीस पोरं स्टेजवर आली म्हणजे वीस घरं तिकीट काढून आली.

तिसरं चिमूर. हे शेवटी ठेवा, सीझनच्या उत्तरार्धात, टीमचा हात बसल्यावर. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस, सकाळी प्रभातफेरी निघाली, गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर नावाचा सोळा वर्षांचा पोरगा गेला, मग जमाव बिथरला आणि डुंगाजी, सोनवणे, जरासंध हे सरकारी अधिकारी मारले गेले. त्याच दिवशी तिकडे वर्धा जिल्ह्यात आष्टीलाही तसंच पेटलं. तीन दिवसांनी, १९ ला, फौज चिमुरात शिरली आणि गावातले पुरुष धरून नेले, काही पळून गेलेले, घरात बायका आणि लेकरं. त्यानंतर बायकांवर जे अत्याचार झाले त्याच्या चौकशीसाठी गांधीजींचे अनुयायी प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपास केला, आणि चिमूरच्या बातम्या छापायला पेपरांना बंदी होती.

बहुतेक जण हे नाटक १६ तारखेवर संपवतात. तिरंगा, गोळी, घोषणा, पडदा. मला ते अर्धवट वाटतं. १६ तारीख ही पहिल्या दोन अंकांची, खरं नाटक १९ नंतरचं आहे. कारण तिथं घर आहे. पुरुष नसलेलं घर, शेजारीण शेजारणीला काय सांगते आणि काय सांगत नाही, चौकशीला कोणी बाहेरून आलं तर तोंड उघडायचं का नाही, उघडलं तर पोरीचं लग्न कसं होणार. दादीबाई बेगडे गोऱ्या अधिकाऱ्यासमोर उभी राहिली हे चिमुरात आजही सांगतात, तुमच्या नाटकाची नायिका तीच आहे, प्रभातफेरीतला झेंडेवाला नाही. अत्याचार मात्र स्टेजवर दाखवायचा नाही. अजिबात नाही. प्रकाश लाल करून, किंकाळी टाकून, सावलीत सुद्धा नाही. समोर त्याच तालुक्यातल्या बायका बसल्या असतात, कोणाची आजी त्यातली असेल तुम्हाला काय माहित. बंद दार दाखवा, दारावर काठी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर कोणीच पाणी भरायला आलेलं नाही. तेवढं पुरतं.

तुकडोजी महाराजांचं पात्र आणायचं का, हा प्रश्न दरवेळी येतो, कारण चिमूरच्या पोरांत ती आग महाराजांच्या भजनांनी पेटली हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यानंतर महाराजांना अटकही झाली. माझं मत, स्टेजवर आणू नका. इतक्या घरांत फोटो आहे त्या माणसाचा की कोणताही नट उभा केला तरी लोक दाढी-टोपीच बघत बसतात. खंजिरी वाजू द्या मागून, पोरं ती ऐकताना दिसू द्या. आणि भजन वापरायचं असेल तर गावच्या गुरुदेव सेवा मंडळाला विचारून, त्यांनाच गायला बसवा, ऑर्गन-तबलावाले त्यांना साथ करतील.

आता सगळ्यात अवघड विषय, रेकॉर्डिंग डान्स. अंक संपला की लावणी, नाहीतर हिंदी गाण्यावर डान्स, हे पाहिजेच असा आग्रह आयोजक धरतात, पोरांची गर्दी त्यावरच असते असं त्यांना वाटतं. मी सोवळा नाही, आपल्या रंगभूमीचं पोट खडी गंमत आणि दंडार या जुन्या लोकनाट्यांतून आलेलं आहे, तिथं नाच होताच, बायकांची कामं पुरुष करायचे तेव्हाही होता. पण चिमूरच्या तिसऱ्या अंकानंतर झगमग लायटात डान्स आला तर लोक नाटकाला नाही, तुम्हाला शिव्या देतील. यावर तोडगा एकच चालतो, भांडून बंद करायचं नाही, जागा बदलायची. सगळे डान्स नाटक सुरू व्हायच्या आधी एका दमात उरकून टाका, गर्दी जमायला तसाही वेळ लागतो. नाटक सुरू झाल्यावर फक्त नाटकातलं गाणं. आणि हे कंपनीच्या करारात लिहून घ्या, तोंडी राहिलं तर रात्री दोन वाजता मंडळातलाच कोणीतरी शंभराची नोट दाखवत स्टेजजवळ उभा राहतो.

विनोदी नटाचं काय करायचं ते मात्र लेखकानं ठरवून द्यावं. ते पात्र काढून टाकता येत नाही, निम्मे लोक त्याचं नाव पोस्टरवर बघून येतात. परशुराम खुणेंना २०२३ ला पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्याकडे गावागावांत फटाके फुटले ते काय उगाच नाही, हसवणारा माणूस हा झाडीपट्टीचा कणा आहे. गंभीर नाटकात त्याला सैल सोडलं तर तो फाशीच्या प्रवेशात सुद्धा मोबाईलचा जोक मारेल. म्हणून त्याला कथेत काम द्या. बाबुरावांच्या नाटकात तो तारवाल्यांच्या तळावरचा खानसामा करा, पीटर पळाला तसा हाही पळालेला, सगळीकडे आपण कसे शूर हे सांगत फिरतो, दर खेपेला गोष्ट फुगते. हसू येतं, आणि अफवा कशी पसरते, इनामाची बातमी गावोगाव कशी पोचली हेही आपोआप कळतं. तलावाच्या नाटकात तो बांधावरचा मुकादम. चिमुरात पहिल्या दोन अंकांत पाटलाचा गडी, तिसऱ्यात त्यालाही धरून नेलंय, परत आला तर बोलत नाही. दोन अंक हसवणारा माणूस गप्प झाला की अख्ख्या मंडपाला कळतं काहीतरी झालंय, मला नाही वाटत यापेक्षा स्वस्तात एवढा मोठा परिणाम मिळतो.

प्रॉम्प्टिंगचं एक सांगून ठेवतो. तारखा, गावांची नावं, इंग्रजांची नावं, हे सगळं सहा पात्रांत वाटू नका. क्रिक्टनचा एका रात्रीत क्रिकेट झालेला मी ऐकलाय आणि पब्लिक दिवसभर तेच बोलत होती. एकच माणूस निवडा, सूत्रधार म्हणा, शाहीर म्हणा, दंडारीतला म्होरक्या म्हणा, तो पाठांतराचा पक्का पाहिजे आणि शक्यतो तुमच्या मंडळाचाच पाहिजे, सगळा हिशेबी मजकूर त्याच्या गाण्यात. गाण्यातली तारीख चुकत नाही, चाल तिला धरून ठेवते. बाकीच्यांना फक्त माणसासारखं बोलू द्या. आणि बोलीत बोलू द्या, झाडीबोलीत, पाटील-पाटलीण झाडीबोलीत आणि व्हिलन पुणेरीत असलं वाटप नको, सगळेच इथले. हिरॉइन नागपूर-मुंबईकडून येते, तिला दोन दिवस आधी बोलावून गावातल्या बायकांत बसवलं तर कानावरून बरंच येतं.

मजकूर कुठून मिळवायचा? आधी एक लक्षात घ्या की जुन्या कागदांत तुम्हाला गडचिरोली सापडणारच नाही. जिल्हा १९८२ ला झाला, त्याआधी सगळं चांदा. तसंच गोंदिया १९९९ पर्यंत भंडाऱ्यात. म्हणजे शोधायचं ते चांदा आणि भंडारा या नावाखाली. चांद्याचा लुसी स्मिथने केलेला १८६९ चा सेटलमेंट रिपोर्ट आणि १९०९ चं जिल्हा गॅझेटियर, ही दोन इंग्रजांची पुस्तकं, साहेबाच्या नजरेची आहेत हे ध्यानात ठेवून वाचा, पण गावांची नावं, तारखा, कोणाला काय मिळालं हे त्यात आहे. कोणा कॉलेजच्या पोराला बसवून तेवढी पानं मराठीत काढून घ्या. मग ती पानं घेऊन गावात बसा. चिमूरकडे अजून घरोघरी ऐकीव आठवणी आहेत, अहेरी-आलापल्लीकडे गोंडी गाण्यांतून बाबुराव आहेत. मोबाईलवर रेकॉर्ड करा, विचारून करा, आणि ज्यांच्या घरातलं घेतलंय त्यांना संहिता वाचून दाखवा. हे वाचन नाटक बसवायच्या आधी, नंतर नाही. एखादं घर म्हणालं की आमचं नाव नको, तर नाव काढा, हुज्जत घालू नका, नाटकाचं काहीही अडत नाही त्यानं.

परवानग्या थोडक्यात. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यायचं, खऱ्या माणसांवरचं नाटक असल्यावर तर नक्कीच, आणि ते पावसाळ्यातच पाठवा. पोलीस स्टेशनला अर्ज, लाऊडस्पीकरचा रात्री दहाचा नियम आहे तर ते आधी बोलून घ्या. गडचिरोलीकडे अजून एक काळजी, लाकडी बंदुका आणि खाकी ड्रेस. गाडीत बंदुका घेऊन रात्रीच्या रस्त्यानं फिरणं तिकडे गंमत नाही. प्रॉप्सची यादी अर्जाला जोडा, बंदुका आधी ठाण्यात दाखवून आणा. आवाजासाठी सुतळी बॉम्ब नको, मंडपात तणस आहे, साउंडवाल्याकडून घ्या.

कॅलेंडर असं बसतं. कंपन्यांची टीम गणपती-नवरात्रात ठरते, वडशात पन्नासेक कंपन्या आहेत आणि चांगले नट तेव्हाच बुक होतात, म्हणजे संहिता पोळ्यापर्यंत हातात पाहिजे. पहिला मंडईचा हंगाम भाऊबीजेनंतर, घरोघरी पाहुणे, लेकी माहेरी आलेल्या, हा तलावाच्या नाटकाचा. डिसेंबर-जानेवारीत शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, २०१४ ला बंदी आली होती ती डिसेंबर २०२१ ला उठली तेव्हापासून पट पुन्हा जोरात भरून राहिले, दुपारी बैल आणि रात्री नाटक, तिथं बाबुराव लावा, ती पब्लिक लढाऊ असते. चिमूर महाशिवरात्रीच्या आसपास. आणि एक पाळा, ज्या गावचा इतिहास त्या गावात पहिला प्रयोग करायचा नाही. चिमूरचं नाटक आधी सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडे दोन-तीनदा लावा, कुठं लोक उठतात, कुठं बिडी काढतात ते बघा, कापाकापी करा, मग चिमुरात न्या.

पैशाचं, कंपनीला तुम्ही एका नाटकासाठी नाही, पाच गावं मिळून सीझनसाठी भेटा. एकटं मंडळ गेलं तर तो नवीन संहितेचा धोका का घेईल, ड्रेस-पडदा नवीन, नट नवीन, आणि प्रयोग एक. पंधरा-वीस तारखा एकदम दाखवल्या तर तो बोलणी वेगळी करतो. ॲडव्हान्स टप्प्याटप्प्याने द्या. विकलेल्या धानाचे पैसे, म्हणजे चुकारे, अडकले की तिकीटविक्री हमखास बसते, त्यामुळे पहिल्या नाटकाच्या नफ्यावर दुसऱ्याचा ॲडव्हान्स अवलंबून ठेवू नका. आणि संहितेचा हक्क कोणाचा हे स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या. लेखकाचं नाव पोस्टरवर, प्रयोगामागे त्याला ठरलेलं मानधन, आणि पुढच्या वर्षी कंपनीला तेच नाटक दुसऱ्या नावानं परस्पर लावता येणार नाही, एवढी तीन वाक्यं असली तरी चालतील. मी हे नाटक बसवण्याआधीच करून घेतो, पोस्टर छापून झाल्यावर कोणी सही करत नाही.